तुम्ही विचारलंत म्हणून: भाडेकरू हलत नसताना फ्लॅट विकला कसा?

कोथरूडचा फ्लॅट विकल्यापासून हा प्रश्न भेटेल तो विचारतो.

जानेवारीत भाडेकरूंचा करार संपला तेव्हा दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. गिऱ्हाईक नेलं की दार उघडायचं नाही. एकदा उघडलं, तर ताई उंबऱ्यातच उभ्या, मागे दोरीवर ओले कपडे. गिऱ्हाईक चपला न काढताच परतलं. एजंट म्हणाला, "पाणी तोडा, आठवड्यात जातील." असलं काही करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार पाणी-वीज तोडता येत नाही. आणि त्या घरात दहावीची मुलगी होती.

माझी एकच बाजू भक्कम होती, लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहू देण्याचा करार, नोंदवलेला होता. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, जादा राहिल्याबद्दल दुप्पट शुल्कही मागता येतं. वकिलाची नोटीस धाडली, पण अर्ज केला नाही. एका रविवारी बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो, एजंटाला न सांगता.

"दादा, ह्यांची नोकरी दिवाळीत गेली. पोरीचे पेपर मार्चात. आता कुठे जाऊ?"

हे आधी कळलं असतं तर नोटीसही पाठवली नसती.

तिथेच ठरवलं, कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. थकलेले दोन महिने डिपॉझिटमधून वळते, पुढचं भाडं माफ. शेवटचा पेपर झाला की आठवड्यात घर रिकामं. तोवर फक्त शनिवारी चार ते सहा घर दाखवायचं, आणि बँकेचा माणूस मूल्यांकनाला आला तर दार उघडायचं. उरलेलं डिपॉझिट किल्ली हातात पडताच.

एक जण "भाडेकरू मी काढतो" म्हणून बरीच कमी किंमत सांगत होता. त्यापुढे माफ केलेलं भाडं काहीच नव्हतं. ज्यांनी घर घेतलं त्यांना मी सगळं खरं सांगितलं. रिकामा ताबा मिळाल्यावरच खरेदीखत, असं साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात, लिहून दिलं.

मार्चअखेर किल्ली घ्यायला गेलो. मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून घेतलं, मी चेक दिला. मुलगी भिंतीवरचं अभ्यासाचं वेळापत्रक काढत होती, त्याबरोबर रंगाचा पोपडा निघाला. ताई म्हणाल्या, "याचे पैसे कापा." मी नाही कापले.