साडेआठचा पाऊस

वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला उजाडतो. आदल्या दिवशीच्या साडेआठपासून पर्जन्यमापकात साठलेलं पाणी मोजायचं आणि आजच्या तारखेला लिहायचं, असा तिथला रिवाज. म्हणून 26 जुलै 2005 चा तो पाऊस वहीत चढला 27 तारखेला: सांताक्रूझला 944 मिलिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर चोवीस तासांत चौऱ्याण्णव हजार लिटर! मे महिन्यात सोसायट्या दहा हजार लिटरच्या ज्या टँकरसाठी हातापाया पडतात, तसे नऊ टँकर रिचवून दहावा दारात उभा.

आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला? 75 मिलिमीटरही नाही.

त्यामुळे मुंबईत 'काल किती पडला' या प्रश्नाला नेहमी दोन उत्तरं असतात, आणि आम्हा दादरकरांचं तिसरं. मुलुंडची मावशी फोनवर म्हणते, "तुमच्याकडे कसला आलाय पाऊस!" तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे सरकारी आकडा नाही.

कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची तिथली कामं विजेच्या ट्रामच्या धास्तीने 1904 मध्ये अलिबागला हलवली गेली. पर्जन्यमापकाला ट्रामचं सोयरसुतक नव्हतं, तो राहिला.

तापमापी बसतात झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत. वारा खेळता राहतो, ऊन लागत नाही. पेटीचं दारही उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत नको. आतल्या एका तापमापीच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळलेलं असतं. पाणी जितकं झपाट्याने उडेल तितका तिचा पारा कोरड्या तापमापीच्या खाली राहतो. आपल्या जुलैत पाणी उडतंय कुठलं? दोन्ही पारे जवळजवळ बरोबरीत. दोरीवरचे टॉवेल तीन दिवस का वाळत नाहीत, त्याचा हा लेखी पुरावा. अंदाज चुकल्याचे विनोद आपण सगळेच करतो, पण ही नोंद अंदाज नव्हे, झालेल्याचा हिशेब आहे.

चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर झाला की त्यांच्या लेखी जोरदार पाऊस. आमच्या आईला हा दशांश मान्य नाही. कोळीण आली नाही तर मुसळधार, आणि दूधवालाही आला नाही तर ती मुलांना शाळेत पाठवू देत नाही.