पियानो जुळवताना उपकरण कुठे ठेवावे?

ट्यूनिंगचे उपकरण किंवा अ‍ॅप घेताना त्याच्या अचूकतेविषयी सगळेच विचारतात. ते ठेवायचे कुठे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. पियानोला 88 पट्ट्या आणि साधारण 220 ते 230 तारा असतात. प्रत्येक तारेची पिन, म्हणजे तार ताणणारी खुंटी, लिव्हरने, म्हणजे लांब दांड्याच्या पान्याने, किंचित फिरवायची, पट्टी जोरात वाजवून तार स्थिर झाली का ते पाहायचे आणि गरज पडल्यास पुन्हा फिरवायची, हे काम दीड-दोन तास चालते. एवढा वेळ मान एका बाजूला वळलेली राहिली, तर दुसऱ्या दिवशी खांदा त्याचा हिशेब मागतोच.

माझ्या मते क्रम असा असावा: आधी लिव्हर, मग शरीर आणि सर्वांत शेवटी उपकरणाचा पडदा. बहुतेकांचे याच्या उलट होते. फोन मिळेल त्या सपाट जागेवर, म्हणजे अपराइट (उभ्या) पियानोच्या पट्ट्यांच्या कडेला असलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवला जातो आणि मग तिथे पाहण्यासाठी मान खाली घालून, खांदा वर उचलून पिन फिरवली जाते. अपराइटमध्ये लिव्हरचा दांडा घड्याळाच्या काट्याप्रमाणे बारा ते एकच्या दरम्यान उभा ठेवावा, कोपर शक्य तितके शरीराजवळ राहावे आणि जोर एकट्या मनगटातून न येता पाठ व खांद्यांतून यावा. ही स्थिती जमल्यावर डोळे सहज जिथे जातात, तिथे, म्हणजे पिनांच्या रांगेच्या जरा मागे किंवा वर, पडदा असावा. त्यासाठी वाकवता येणारा, पकड असलेला स्टँड पुरेसा होतो.

एकदा लावलेला स्टँड मात्र शेवटपर्यंत तिथेच ठेवू नये. पट्ट्यांची रांग सुमारे 122 सेंटिमीटर लांब असते. उपकरण खर्जाच्या टोकाला राहिले आणि काम तारसप्तकात गेले, की मान वळणारच. खर्ज, मध्य आणि तार अशा तीन टप्प्यांत ते सरकवावे. ग्रँड (आडव्या) पियानोत बसून काम करावे लागते आणि पिनांपर्यंत हात पोहोचण्यासाठी स्वरलिपीची चौकट काढून ठेवावी लागते, त्यामुळे तिच्यावर टॅबलेट टेकवण्याची सोय राहत नाही. तो थेट लोखंडी फ्रेमवर ठेवला, तर काही स्वरांना खरखर ऐकू येते आणि तारेतच दोष असल्याचा संशय येतो. शेजारी उभा केलेला वेगळा स्टँड अधिक बरा.

चाळिशीनंतर चष्म्याचा प्रश्न येतो आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचे पाहण्याचा भाग खालच्या बाजूला असतो. पडदा डोळ्यांच्या पातळीवर असेल, तर माणूस नकळत हनुवटी वर करून पाहू लागतो आणि मानेचा मागचा भाग आखडतो. अशांनी पडदा किंचित खाली आणावा किंवा हातभर अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडद्यावर पडू नये, म्हणून तो थोडा पुढे झुकवावा.

प्रत्येक स्वरानंतर पडद्याला बोट लावण्याचीही गरज नाही. बहुतेक चांगली अ‍ॅप वाजलेला स्वर ओळखून आपोआप पुढे सरकतात. अगदी वरच्या सप्तकात ही ओळख चुकते, तिथे ब्लूटूथचे पायपेडल उपयोगी पडते, अर्थात अ‍ॅप त्याला प्रतिसाद देत असेल तर.

तरीही सर्वांत मोठा आराम पडद्याकडे न पाहण्यातच आहे. मध्य आणि तार भागांत एकेका स्वराला तीन तारा असतात. त्यांपैकी एक उपकरणावर लावावी आणि उरलेल्या दोन तिच्याशी कानाने मिळवाव्यात. दोन तारांमधले बीट्स, म्हणजे सूर किंचित वेगळे असताना आवाजात येणारी लाट, थांबले की नाही, हे कान पडद्यावरच्या फिरत्या रेषांपेक्षा लवकर सांगतो. त्या वेळी डोळे मिटून घेतले तरी चालतात, त्यांचा शीण कमी होतो आणि मान मोकळी राहते. जे तिन्ही तारा पडद्यावर पाहून लावतात, ते विनाकारण तिप्पट वेळ टक लावून बसतात.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात दमटपणाने साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, फुगतो आणि सूर चढतात. कोरड्या थंडीत ते उतरतात. फरक मोठा असेल, तर आधी एक झटपट फेरी करून सगळ्या तारा अंदाजे जागेवर आणाव्या लागतात. या फेरीत अचूकतेचा हट्ट धरणे म्हणजे मनगटाला फुकटचा त्रास. छताचा पंखा बंद ठेवावा, कारण त्याच्या पात्यांमुळे स्वर डोलल्यासारखा ऐकू येतो आणि मायक्रोफोनही गोंधळतो. मग घामाने लिव्हरची पकड निसटते व माणूस ती गरजेपेक्षा घट्ट धरतो. जवळ कोरडा रुमाल हवा. जोरात पट्ट्या वाजवताना कानात आवाज कमी करणारे प्लग घालावेत. उपकरणाचा मायक्रोफोन वेगळा असल्याने त्याच्या मोजणीत काही फरक पडत नाही.