अण्णांची पावसाची शीट

रविवार, रात्री अकरा.

तीन रात्री झोप धड नाही, पण आजच लिहून ठेवतो, नाहीतर तपशील डोक्यातून जातील. बुधवारी अण्णांचा फोन, "अरे, कॉम्प्युटर सुरूच होईना, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं येऊन थांबतायत." आठवड्यापूर्वी "शीट सेव्ह होईना" म्हणाले होते, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण डिस्कवर एरर आली की लिनक्स (त्यांच्या मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टिम) बऱ्याचदा रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा मुख्य भाग, रीड-ओन्ली करून टाकतं, म्हणजे वाचता येतं पण लिहिता येत नाही.

त्या मशीनमधे 2009 च्या जूनपासूनचा पाऊस आहे. अण्णा रोज सकाळी बागेतला पर्जन्यमापक बघतात आणि मिलिमीटर शीटमधे टाकतात. तासगावच्या बाजूला द्राक्षं लावणाऱ्याला हा आकडा किती लागतो ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही, आत्ता छाटणी झालीय, कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की डावणी (द्राक्षावरचा रोग) आलीच म्हणून समजा, आणि कुठल्या साली किती पावसाला किती फवारण्या लागल्या ते सगळं त्या शीटमधे शेजारच्या कॉलममधे आहे. बॅकअप नव्हता. मी मागच्या दिवाळीत घेतो म्हणालो होतो आणि राहिलं.

मी पोचायच्या आधी अण्णा मशीन तालुक्याला दुकानात दाखवून आले होते. दुकानदार म्हणाला फॉरमॅट मारून देतो. अण्णांनी कॅबिनेट उचललं आणि घरी आणलं, फार बरं केलं.

शुक्रवारी रात्री पोचलो, जेवण पण नंतर. पडद्यावर लिहिलेलं की फाइलसिस्टिमला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीला, हातानं एफएससीके चालवा. बोटं तिकडेच जात होती खरं तर, पण कॅबिनेटवर हात ठेवला तर आतून टक्, टक्, मग दोनेक सेकंद गप्प, मग परत टक्. तिथंच थांबलो. एफएससीके फाइलसिस्टिमचा हिशोब जुळवतो, चकती नाही दुरुस्त करत, आणि जुळवताना डिस्कवर लिहितो, मरायला टेकलेल्या डिस्कवर ते केलं तर जे वाचण्यासारखं आहे तेही जायचं.

मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह मिंट, म्हणजे डिस्कवर न बसवता चालणारं लिनक्स, सुरू केलं आणि डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल लावून बघितलं. वरती मोठ्या अक्षरात पास्ड! त्या शब्दावर कुणीही विसंबू नये, खालचा तक्ता वाचावा. 199 नंबरचा आकडा, म्हणजे केबलमधल्या चुका, शून्य, म्हणजे साटा केबल बदलून काही होणार नव्हतं. 197 नंबरला 88, म्हणजे 88 सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे) असे की डिस्कला स्वतःलाच वाचता येत नाहीयेत. चालू राहिलेले तास 31,412, रोज आठ तास धरले तरी पावणेअकरा वर्षं झाली. खूप साथ दिली तिनं.

मोबाइलचा हॉटस्पॉट लावून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरचं वाचवायचं टूल घातलं आणि 500 जीबीच्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, बाहेरच्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. साधं डीडी हे कॉपीचं टूल एरर आली की थांबतं, हे मात्र खराब भाग बाजूला ठेवून आधी चांगलं सगळं उचलतं आणि कुठवर आलो ते मॅपफाइलमधे लिहीत जातं. रात्री दोनला लाईट गेली. अंधारात पंखा बंद, डिस्क बंद, अण्णा बाहेर ओट्यावर येऊन बसले, काही बोलले नाहीत. पाऊण तासानं लाईट आली, लाइव्ह मिंटमधे घातलेलं मशीन बंद झालं की पुसतं, म्हणून डीडीरेस्क्यू परत घालावं लागलं, पण मॅपफाइल बाहेरच्या डिस्कवर होती म्हणून तीच कमांड दिली आणि जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू. त्या क्षणी जो जीव भांड्यात पडला!

चांगला भाग सगळा मिळून पाचेक तासांत आला, शेवटच्या एका एमबीनं मात्र शनिवारची अख्खी सकाळ खाल्ली. शेवटी 104 सेक्टर मिळालेच नाहीत, 512 बाइटचा एक म्हणजे 53,248 बाइट. 500 जीबीत एवढंच गेलं.

एफएससीके मग चालवला तो इमेजवर. पावसाची शीट उघडली, 2009 चा जून, पहिली ओळ, सगळं जागेवर. गेलं ते बहुतेक रिकाम्या जागेतलं, आणि एक फोटो, विहिरीचा, वरचा अर्धा दिसतो, कठडा आणि आंब्याची फांदी, खाली नुसता करडा रंग. अण्णांनी तो बराच वेळ बघितला. म्हणाले, "विहीर आहे की अजून, परत काढू."

आज नवीन एसएसडी बसवली, शीटची एक कॉपी माझ्या लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, तो आईच्या कपाटात. संध्याकाळी अण्णा भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आले, चौकोनात पेन्सिलीनं बारीक आकडे होते. बुधवार 14, गुरुवार 0, शुक्रवार 31, शनिवार 6. त्यांनी वाचून दाखवले, मी टाकले. 31 च्या पुढं फवारणीच्या कॉलममधे काय लिहायचं ते उद्या सकाळी बागेत जाऊन पानं बघून सांगतो म्हणालेत.