रेंडर झाल्यावर दिसलेले ठोकळे

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला फोटोग्राफर बोलावला नव्हता. ज्याच्या हातात फोन, त्याने शूटिंग केलं, आणि ते सगळं गोळा करून पाऊण तासाची फिल्म करायचं काम माझ्याकडे आलं. शॉटकट या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन छान लागली. रेंडर करून, म्हणजे सगळ्याची एक फाइल बनवून, टीव्हीवर लावली तर जागोजागी ठोकळे! कुठे हिरवट-करडे चौकोन, कुठे चेहऱ्याचे ओघळलेले तुकडे, आणि औक्षणाच्या वेळी आजीमागची भिंत अख्खी चौकटी-चौकटींची.

इंटरनेटवर शोधलं की पहिलं उत्तर मिळतं, ‘बिटरेट वाढवा’. बिटरेट म्हणजे दर सेकंदाच्या व्हिडिओला किती डेटा (बिट) द्यायचा ते. मी तो वाढवून पाहिला. भिंत थोडी सुधारली, बाकीचं तसंच राहिलं. तेव्हा मला पटलं की हा एक आजार नाही, तीन-चार आहेत, आणि दिसायला तेवढे सारखे आहेत. कुठला ठोकळा कुठून आला हे त्याच्या वागण्यावरून ओळखायचं, मगच औषध.

थोडं आतलं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एच.२६४ हा व्हिडिओ दाबून लहान करायचा प्रकार चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतो. म्हणजे फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये ८,१६० चौकोन. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जात नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते, तिला कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त ‘आधीच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे मधली एक फ्रेम बिघडली की तिच्यावर उभ्या असलेल्या पुढच्या सगळ्या बिघडतात, आणि पुढची कीफ्रेम आली की चित्र एकदम स्वच्छ होतं.

सगळ्यात आधी तीच फाइल व्हीएलसी प्लेयरमध्ये, हार्डवेअर डीकोडिंग (दाबलेला व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देणं) बंद करून लावली. ठोकळे तिथेही होते, म्हणजे टीव्ही निर्दोष. मग सेटिंगमध्ये काहीही न बदलता पुन्हा एकदा रेंडर केलं आणि दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. ही चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. काही ठोकळे दोन्ही फाइलींत अगदी त्याच सेकंदाला, त्याच जागी होते. काहींनी मात्र जागा बदलली होती.

जागा बदलणारे आधी घेतले. मूळ क्लिप तीच, सेटिंग तेच, तरी दर वेळी वेगळीकडे बिघाड, म्हणजे गडबड रेंडर होताना होतेय. एक्स्पोर्टमधला हार्डवेअर एन्कोडरचा पर्याय काढून टाकला (एन्कोडर म्हणजे व्हिडिओ दाबणारा भाग). त्यानंतर काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसर करतो, वेळ कितीतरी जास्त लागतो, म्हणून रात्री लावून झोपले. सकाळी ते सगळे ठोकळे गेलेले होते.

आता जागेवर ठाम असलेले. त्यातला सर्वात वाईट आत्याच्या क्लिपमधला. आजी पाटावर बसतेय, पदर सावरतेय, आणि तेवढ्यात तिच्या खांद्यापासून करडे चौकोन सुरू होतात, हाताबरोबर ओढले जातात, आणि सेकंदभराने एकदम सगळं स्वच्छ. कीफ्रेमची ही सरळ खूण आहे. मूळ क्लिपच दुखावलेली असणार. एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनाला फाइल पूर्ण डीकोड करून फक्त चुका दाखवायला सांगता येतं. तसं केल्यावर नेमक्या त्याच क्लिपला एररच्या ओळींची रांग लागली. आत्याच्या फोनवर मात्र क्लिप सुरेख चालत होती. दोन्हीकडच्या फाइलचा आकार बाइटपर्यंत सारखा, म्हणून हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढून जुळवला, तो जुळेना. दुवा एकच होता, मधला पेन ड्राइव्ह. त्यावरून तीच फाइल पुन्हा कॉपी केली तर हॅश तिसराच आला! तो पेन ड्राइव्ह बाजूला काढला, आत्याकडे जाऊन केबलने क्लिपा थेट लॅपटॉपवर घेतल्या, आणि प्रश्न मिटला. फक्त आकार पाहून ‘कॉपी झाली’ असं मी आता म्हणत नाही.

राहिली भिंत. ८१ कणकेचे दिवे पेटलेले, बाकी दिवे बंद, प्रत्येक ज्योत हलतेय, पाठीमागे मंद उजेडातली भिंत, आणि वरून झेंडूच्या पाकळ्यांचा वर्षाव. एन्कोडरला याहून अवघड प्रसंग कुठला? पाकळ्या आणि ज्योतींमध्ये दर फ्रेमला सगळंच बदलतं, तिथे सगळे बिट खर्च होतात, आणि अंधाऱ्या भिंतीच्या वाट्याला काही उरत नाही. सरासरी बिटरेट ठरवून दिला की भाषणाच्या शांत प्रसंगात बिट वाया जातात आणि इथे तुटवडा पडतो. म्हणून कोडेकच्या टॅबमध्ये रेट कंट्रोल ‘क्वालिटी-बेस्ड व्हीबीआर’ केला, म्हणजे दर्जा आपण ठरवायचा आणि बिट गरजेप्रमाणे कमी-जास्त होतात. तिथे टक्के असतात आणि शेजारी सीआरएफ या दर्जाच्या मापाचा आकडा दिसतो. हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. ५५ टक्क्यांना तो २३ असतो, मी ६५ टक्के ठेवून १८ वर आणला. ‘अदर’ टॅबमध्ये प्रीसेट ‘स्लो’ लिहिला, म्हणजे एन्कोडर सावकाश, जास्त काळजीने काम करतो. पूर्ण फिल्म रेंडर न करता औक्षणाचाच तुकडा काढून पाहिला. भिंतीवरचा ज्योतींचा उजेड आता सलग उतरत होता, पायऱ्या नाहीत. आजीच्या नथीचे मोती वेगवेगळे दिसत होते, ते पाहून मला फार बरं वाटलं.

पूर्ण फाइल मात्र ४ जीबीच्या वर गेली, आणि टीव्हीला चालणारा पेन ड्राइव्ह फॅट३२चा, त्यावर तेवढी मोठी एक फाइल बसतच नाही. सीआरएफ २० केला. डोळ्यांना फरक जाणवला नाही आणि फाइल मावली.

एकच क्लिप सुधारली नाही. मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला होता, तो पाठवतानाच दाबला गेला, ठोकळे त्यातच मुरलेले. “ताई, मूळ तर मी डिलीट केला गं,” तो म्हणाला. गेलेला तपशील कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. पण त्या क्लिपमध्ये आजी ओव्या म्हणतेय, ती मी काढणार नव्हते. पूर्ण पडद्यावर ताणण्याऐवजी मधोमध लहान चौकटीत ठेवली, मागे तीच प्रतिमा धूसर करून. लहान आकारात ठोकळे डोळ्यांत भरत नाहीत, आणि आवाज स्वच्छ आहे. पुढच्या कार्यक्रमासाठी घरच्या ग्रुपवर लिहून ठेवलंय: व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि माझ्याकडून पोचल्याचं कळल्याशिवाय फोनवरून काढू नका.