हान्सला शिजवून खाल्लं त्याची गोष्ट

चेक लेखक कारेल चापेकच्या ‘वॉर विथ द न्यूट्स’ या कादंबरीत युद्ध आहे, बुडालेले किनारे आहेत. पण मला सगळ्यात भयंकर वाटला तो हान्सचा उतारा. हान्स हा एक राक्षसी सॅलमँडर, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी; नावातले ‘न्यूट्स’ ते हेच. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम करायचा, आणि नाजूक रासायनिक पृथक्करणंसुद्धा त्याच्यावर बिनधास्त सोपवता यायची. संध्याकाळी शास्त्रज्ञ मंडळी त्याच्याशी गप्पा मारत बसायची. पुढे कवटीवरच्या प्रयोगांत त्याची दृष्टी गेली, म्हणून त्याला मारून शिजवून खाल्लं. मांस जरा काळपट आणि स्पंजासारखं होतं, पण कुणाला बाधलं नाही. निष्कर्ष: युद्धकाळात गोमांसाला स्वस्त पर्याय म्हणून चालण्यासारखं आहे.

लिहिणाऱ्याला हान्सबद्दल माया आहे, हे त्या उताऱ्यात जागोजागी जाणवतं. म्हणून तर तो घशाखाली उतरत नाही.

माझं आयुष्य खरेदी खात्यात गेलं. आधी चाकणला, आता इकडे नेदरलँड्समध्ये, अॅम्स्टेलव्हेनला. कंत्राटी मजुरांची रेट शीट मी इतक्या वेळा डोळ्यांखालून घातली आहे की स्किल्ड, सेमी-स्किल्ड, अनस्किल्ड हे रकाने झोपेतही सांगेन. त्यामुळे या पुस्तकात सॅलमँडरांच्या बाजाराची प्रतवारी आली तेव्हा मी पान उलटायचा थांबलो. सगळ्यात वर ‘लीडिंग’, म्हणजे मुकादम व्हायच्या लायकीचे, महागडे. मग ‘हेवी’, अवजड कामाचे. मग टोळीनं काम करणारे ‘टीम’, पुढे ‘ऑड जॉब्स’, त्याखाली ‘ट्रॅश’ आणि शेवटी ‘स्पॉन’, म्हणजे अजून वाढायची आहेत ती पिल्लं. हे ज्यानं लिहिलं त्यानं कधीतरी खरं रेट कार्ड हातात धरलं असणार, अशी माझी खात्री आहे. चापेक होता पत्रकार. ही कादंबरी आधी ‘लिदोवे नोविनी’ या वर्तमानपत्रात क्रमशः आली आणि 1936 मध्ये पुस्तक झाली. वर्तमानपत्रात बाजारभावाचं पान असतंच.

गोष्ट सुरू होते ती मात्र चक्क प्रेमातून. व्हान टॉख नावाचा एक कप्तान. नाव डच वाटतं, पण मूळचा चेक, येविच्को गावचा. सुमात्राच्या पश्चिमेला ताना मासा बेटाजवळ मोत्यांच्या शोधात फिरताना त्याला एक खाडी सापडते. स्थानिक लोक तिला सैतानाची खाडी म्हणतात आणि पाण्यात उतरायला तयार होत नाहीत. खाली दोन पायांवर डुलत चालणारे काळे प्राणी असतात. ते निरुपद्रवी आहेत, शिंपले खातात, पण शिंपले उघडायला त्यांना कष्ट पडतात. कप्तान त्यांना सुरी देतो. बदल्यात ते त्याला मोती आणून देतात. शार्क त्यांना खातात हे पाहून तो कळवळतो आणि शार्क मारायला हत्यारंही देतो.

इथे जरा थांबायला हवं. लाखो वर्षं हे प्राणी त्या एका खाडीपुरते राहिले, कारण जितके जन्मायचे तितके शार्क फस्त करायचे. कप्तानानं फक्त ती एक वजाबाकी पुसली. त्याच्या मनात लोभ होता म्हणावा तर तोही फारसा नव्हता; त्यांच्याबद्दल तो पोटच्या पोरांबद्दल बोलावं तसं बोलतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावरचा एखादा भला खलाशीही हेच करता.

भांडवल मात्र लागतं, म्हणून तो प्रागला बालपणीच्या ओळखीच्या बाँडी या उद्योगपतीकडे जातो. दारावरचा पोवोंद्रा आधी घुटमळतो, मग त्याला आत सोडतो. पुढे कप्तान मरतो, भागधारकांची सभा भरते. ही सभा म्हणजे पुस्तकाचा कणा. दिवंगतांना आदरांजली वाहून झाली की बाँडी विषयावर येतो: मोती भरमसाठ झाले, भाव कोसळले, साहसकथांचा काळ संपला. आपल्या हातात आता मोती नाहीत, आपल्या हातात कामगार आहेत. बंधारे बांधणारे, गाळ उपसणारे, नवी जमीन उभी करणारे. सॅलमँडर सिंडिकेट स्थापन होतं. कुणी आवाज चढवत नाही. अशा बैठकांना मी बसलेलो आहे. तिथे वाईट माणूस शोधून सापडत नाही आणि सगळे वेळेवर जेवायला जातात.

आता या प्राण्याच्या कुळाविषयी. ते चापेकनं मनातून काढलेलं नाही. झुरिकचा योहान याकोब शॉइखत्सर हा पंडित. ओनिंगनच्या दगडखाणीतून त्याला एक सांगाडा मिळाला आणि 1726 मध्ये त्यानं जाहीर केलं की हा नोहाच्या महापुरात बुडालेला माणूस आहे. पापांची शिक्षा भोगलेला, पुराचा साक्षीदार. एका पाद्र्यानं त्यावर दोन ओळी रचल्या. आशय असा की, हे जुन्या पाप्याच्या दुःखी अस्थिपंजरा, आजच्या दुष्ट लेकरांची दगडी मनं मऊ कर. पुढे हा दगड इथल्याच, नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या टायलर्स म्युझियमनं घेतला. 1811 मध्ये जॉर्ज क्यूव्हिए हा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ तिथे आला, त्यानं दगड जरा कोरला, पुढचे पाय उघडे पाडले आणि सिद्ध केलं की हा माणूसबिणूस काही नाही, राक्षसी सॅलमँडर आहे. ‘आंद्रियास शॉइखत्सरी’ हे त्याचं शास्त्रीय नाव. चापेकच्या कादंबरीतले शास्त्रज्ञ खाडीतल्या प्राण्याला हेच नाव देतात.

तो दगड अजून तिथेच आहे. पाहिलाय मी. डोकं रुंद, डोळ्यांच्या खोबणी मोठ्या, खाली मणक्यांची माळ. माणूस वाटायला बरीच श्रद्धा लागते. पण चापेकची करामत बघा. शॉइखत्सरला जनावरात पापी माणूस दिसला; चापेकनं दोनशे वर्षांनी तीच चूक उलट्या बाजूनं खरी करून दाखवली. त्याचं जनावर सुरुवातीला अगदी निष्पाप आहे. माणसानं शिकवत शिकवत त्याला आपल्यासारखं केलं, आणि त्यात पाप बिनबोभाट आलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला अँडी बोलायला शिकतो, पेपर वाचतो. शास्त्रज्ञ वय विचारतात तेव्हा म्हणतो, माहीत नाही, आणि लगेच तरुण दिसायचं असेल तर अमुक कॉर्सेट वापरा, अशी जाहिरात ऐकवतो. शेवटी प्रेक्षकांनी लाडानं भरवलेल्या गोड खाऊनं तो मरतो. इथेही लाडच.

आदिम प्राण्यांच्या बहुतेक विज्ञानकथांमध्ये जनावर भुकेलेलं असतं आणि माणूस पळत असतो. मला त्या आवडतात, भरपूर वाचल्यात. पण भूक ही काही राक्षसी गोष्ट नव्हे, वाघालाही लागते. चापेकच्या कथेत एक जर्मन संशोधक सिद्ध करतो की बाल्टिकमधला जर्मन सॅलमँडर इतरांपेक्षा फिकट रंगाचा आणि ताठ चालणारा, म्हणजेच श्रेष्ठ आहे. 1936 साली, शेजारी हिटलर असताना, हे छापायला छाती लागते. चापेक 1938 च्या नाताळात न्यूमोनियानं गेला, चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देऊन टाकणाऱ्या म्युनिक करारानंतर तीन महिन्यांत. त्याचा भाऊ योसेफ 1945 मध्ये बेर्गेन-बेल्सनच्या छळछावणीत गेला.

पुस्तकाबद्दल तक्रारी आहेतच. बायका जवळजवळ नाहीत, असल्या तर सिनेमातली एक बावळट नटी किंवा पोवोंद्राची बायको. सिंहली पाणबुडे आणि बेटांवरचे लोक कप्तानाच्या तोंडी ज्या शब्दांत येतात ते आज वाचवत नाहीत. लेखक कप्तानाची टर उडवतोय हे कळतं, तरी त्या पाणबुड्यांना स्वतःचं तोंड दिलेलं नाही, हेही कळतं. पोवोंद्राची बायको मात्र मला आवडली. नवरा सॅलमँडरांविषयीची कात्रणं जमवत बसतो, आणि जागा पुरेना की ती गुपचूप त्यातली काही चुलीत घालते. पुस्तकात दिलेल्या दस्तऐवजांमध्ये मधे मधे भोकं का आहेत, याचं हे लेखकानं दिलेलं कारण. इतिहासलेखनावर यापेक्षा नेमकी टीका मी तरी वाचलेली नाही.

युद्धाचा तिसरा भाग मला त्यामानानं घाईचा वाटतो. सॅलमँडरांची संख्या वाढलेली, त्यांना उथळ पाणी हवं, म्हणून ते किनारे सुरुंगानं उडवू लागतात. रेडिओवर घोगरा आवाज येतो आणि अत्यंत सभ्यपणे जागा रिकामी करा म्हणतो. लिक्टेनश्टाइनमध्ये फाडुझला वाटाघाटी होतात. सॅलमँडरांच्या बाजूनं बोलायला माणसांचेच वकील येतात. आणि सुरुंगाची दारू? तीही माणसंच विकतात, शेवटपर्यंत. शेवटच्या प्रकरणात लेखक स्वतःशीच वाद घालतो, तेव्हा कळतं की त्यांचा सर्वोच्च सेनापती सॅलमँडर नाहीच. आंद्रेआस शुल्त्से नावाचा माणूस आहे, पहिल्या महायुद्धातला कुठलासा सार्जंट.

हा खुलासा मला पटलेला नाही. तोपर्यंत पुस्तकानं दाखवलेलं असतं की एका दुष्ट माणसाची गरजच पडत नाही. कप्तानाची माया, बाँडीची सभा, पुरवठ्याची बिलं एवढ्यावर काम भागतं. मग ऐन शेवटी सार्जंट कशाला? ऑफिसात चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो शहराची एक सहकारी आहे, तिच्याशी यावरून वाद घातला. चेक शाळांमध्ये हे पुस्तक वाचायला लावतात. तिचं म्हणणं, 1936 मध्ये तो सार्जंट म्हणजे हिटलर हे प्रत्येक वाचकाला कळत होतं आणि लेखकाला ते सांगायचंच होतं. तिचा मुद्दा बिनतोड आहे. मग तिनं हेही सांगून टाकलं की पुस्तक तिनं पूर्ण वाचलेलं नाही, परीक्षेपुरता सारांश वाचला होता. एवाल्ड ओसर्सच्या इंग्रजी अनुवादाची माझी प्रत सध्या तिच्याकडे आहे.