टेबलाच्या खणातले बूच

२००४ च्या जुलैमधली गोष्ट. बेळगावात चार दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती, आणि तिसऱ्या रेल्वे गेटवर ताटकळून मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पोहोचलो, तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. तिथली तक्रार जुनीच होती : रात्री टेपवर बॅकअप सुरू झाला की सर्व्हर मध्येच गोठायचा, थोड्या वेळाने आपोआप चालू लागायचा, आणि सकाळी टेप अर्धवट निघायची. माझ्याआधी आलेल्या तंत्रज्ञाने डिस्क बाद ठरवून नवी बसवली होती. तरी फरक पडला नव्हता.

सर्व्हरमध्ये अल्ट्रा-२ जातीचा स्कझी अडॅप्टर, म्हणजे डिस्क आणि टेप संगणकाला जोडणारे कार्ड, होता. दोन डिस्क पेटीच्या आत, टेप ड्राइव्ह बाहेर आणि अडॅप्टर मध्ये, अशी मांडणी असली तरी विजेच्या हिशेबाने ती सलग एकच बस, म्हणजे सगळ्यांची सामाईक तार, होती. अडॅप्टरचा क्रमांक सात, त्यामुळे बसचा ताबा घेण्याच्या चढाओढीत पहिला मान त्याचा. तो डिस्कला निवडून आज्ञा देतो; डिस्क आपले डोके योग्य जागी नेईपर्यंत बस मोकळी सोडते, आणि माहिती तयार झाली की स्वतः अडॅप्टरला पुन्हा गाठते. दरम्यान त्याच बसवर टेपचे काम चालू राहते. ही व्यवस्था मला आजही देखणी वाटते.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, मात्र दर रात्री एकच क्रम होता. आधी पॅरिटीच्या चुका, म्हणजे वाटेत माहिती बिघडल्याच्या खुणा, मग एखाद्या आज्ञेचे उत्तर मुदतीत न आल्याची नोंद, ती आज्ञा रद्द करण्याचा प्रयत्न, त्या उपकरणापुरता रिसेट, आणि तेही साधले नाही की अखेर सगळ्या बसचा रिसेट. रिसेटची तार किमान २५ मायक्रोसेकंद ओढली जाते आणि बसवरचे प्रत्येक उपकरण हातातले काम टाकून देते. डिस्कच्या अर्धवट आज्ञा ड्रायव्हर (अडॅप्टर चालवणारा प्रोग्राम) पुन्हा पाठवतो, म्हणून तिथे काही बिघडत नव्हते. टेपची मात्र जागाच हरवत होती. वेगाबद्दल आधी झालेले करारही रिसेटने मोडतात आणि वाटाघाटी नव्याने होतात. वारंवार चुका होतात हे पाहून हा ड्रायव्हर सेकंदाला ८० मेगाबाइटवरून ४० वर उतरत होता, आणि मग सारे सुरळीत चाले. पण हिशेबनीस रोज सकाळी शिस्तीने सर्व्हर बंद करून चालू करत, आणि वेग पुन्हा ८० वर जाई. दिवसा काम हलके, म्हणून बोंब रात्रीच!

मला खटकले ते वेगळेच. चुका कधी एका डिस्कच्या नावावर होत्या, कधी दुसऱ्या, कधी टेपच्या. तीन उपकरणे एकाच महिन्यात नादुरुस्त होत नसतात. तेव्हा दोष तिघांना जोडणाऱ्या तारेत शोधायला हवा होता. मी टेबल पुढे ओढले. टेप ड्राइव्हच्या मागे दोन सॉकेट होती. एकात केबल होती, दुसरे उघडे होते. बसच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे तिथे पोहोचलेले संकेत शोषून घेणारे बूच, लागतो, नाहीतर संकेत टोकावर आपटून माघारी फिरतात आणि वेग वाढला की पुढच्या संकेतांत मिसळतात.

शिपाईमामांना विचारले. ते म्हणाले, "चुना मारताना मी काढून ठेवलोय की सायेब. त्याला वायरच नव्हती, रिकामं बूच होतं नुसतं." रबरी शिक्क्यांच्या खणातून त्यांनी ते काढून दिले. त्यांना दोष देणे मला जमले नाही. पहिल्या तंत्रज्ञानेही ते सॉकेट पाहिले असणारच.

बूच बसवून भरदिवसा पूर्ण बॅकअप घेतला. वेग ८० वरच राहिला, लॉगमध्ये एकही रिसेट आला नाही, आणि टेप पडताळणीत पूर्ण उतरली. बाद ठरवलेली डिस्क मी दुकानी आणून रात्रभर तपासली. तिच्यात एकही खराब सेक्टर नव्हता.