नावे, जमा आणि रंगीत पट्ट्या

इंदूरमध्ये रामबागेतील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी गेली काही वर्षे हिशेबलेखनाचा प्राथमिक वर्ग घेते. अकरावीची मुले येतात, तसेच शिवणकाम किंवा डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या महिलाही येतात, आणि पहिल्याच दिवशी सर्वांची गाडी 'जमा' या एका शब्दापाशी अडते. पगार आला की बँक खात्यात रक्कम जमा झाल्याचे कळवते. मग दुकानात रोख आली असता रोख खाते नावे का करायचे, म्हणजे जमेच्या विरुद्ध बाजूला का लिहायचे? पासबुक ही बँकेच्या वहीतील आपल्या खात्याची नक्कल असते आणि बँकेच्या दृष्टीने आपली ठेव हे तिचे देणे असते, म्हणून ती तिथे जमेच्या बाजूला लिहिली जाते, एवढे उलगडले की हा प्रश्न सुटतो.

सियागंजातील एका व्यापारी घरातल्या मुलाची अडचण याहून खोल होती. आजोबांच्या लाल वहीत जमेची बाजू डावीकडे आणि पाठ्यपुस्तकात मात्र उजवीकडे, तेव्हा चूक कोणाची, असे त्याने विचारले. चूक कोणाचीच नाही. रोकडवहीत आलेली रक्कम देणाऱ्याच्या नावाने जमा लिहितात, म्हणजे देणाऱ्याचे खाते जमा हा नियम दोन्हीकडे तोच आहे. फक्त बाजू बदलली आहे.

पूर्वी मी फळ्यावर तराजू काढत असे. ते मी सोडून दिले, कारण दोन्ही पारडी समान आहेत एवढेच तराजू सांगतो, काय कुठून कुठे गेले ते सांगत नाही. आता मी रंगीत कागदाच्या पट्ट्या वापरते आणि हजार रुपयांना एक सेंटिमीटर असे माप ठेवते. मालकाने 50,000 रुपये घातले की डावीकडे रोखीची 50 सेंटिमीटरची निळी पट्टी आणि उजवीकडे भांडवलाची तेवढीच पिवळी. 12,000 रुपयांचे शिलाई यंत्र रोखीने घेतले की निळीतून 12 सेंटिमीटर कापून त्या जागी हिरवी पट्टी ठेवायची. उजवी बाजू हलतही नाही. 8,000 रुपयांचे कापड उधारीवर आणले की डावीकडे कापडाची पांढरी, उजवीकडे देण्याची लाल, आणि दोन्ही बाजू 58 होतात.

खरी कसोटी 3,000 रुपयांच्या भाड्याची. निळी कापली, डावी बाजू 55 झाली; उजवीकडे काय कापावे? बहुतेक जण लाल पट्टीकडे हात नेतात, परंतु घरमालकाला भाडे दिल्याने कापडवाल्याचे देणे कसे कमी होईल? मग कात्री पिवळीवर येते. कापलेला तुकडा मी टाकू देत नाही. 'भाडे' असे शीर्षक लिहिलेल्या कागदाच्या डाव्या बाजूला तो चिकटवून घेते. भांडवल उजवीकडचे, त्याची घट डावीकडे, आणि डावी बाजू नावेची, म्हणून खर्च नावे. हा तुकडा हाताने चिकटवल्यावरच मी खात्यांचे प्रकार आणि त्यांचे नियम सांगते. नियम आधी पाठ करून घेणे मला योग्य वाटत नाही, कारण पाठ केलेला नियम परीक्षेनंतर टिकलेला मी फारसा पाहिला नाही.

प्रत्येक व्यवहार दोन बाजूंना लिहिण्याची व्हेनिसमधील व्यापाऱ्यांची ही दुहेरी नोंद पद्धत इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी 1494 साली छापील ग्रंथात मांडली, हे मी शेवटी सांगते.

मागच्या आठवड्यात मालकिणीने घरखर्चासाठी 2,000 रुपये काढले, असे उदाहरण दिले होते. डबे करणाऱ्या एका ताईंनी निळी आणि पिवळी दोन्ही न विचारता कापल्या आणि मग पिवळा तुकडा हातात धरून त्या थांबल्या. "हा भाड्याच्या कागदावर नाही ना लावायचा?" त्यांनी विचारले. आम्ही नवा कागद घेतला आणि त्यावर 'उचल' असे लिहिले.